हॉटेलचा फ्रीज आणि घसारा



आज बोलूया रेस्टॉरंट, बार आणि खानावळ चालवणाऱ्यांशी.
विषय आहे, प्राप्तिकरातला घसारा.

भटारखान्यात नवा डीप फ्रीजर आला.
किंमत, 1 लाख रुपये.
हा सगळा खर्च एकाच वर्षी दाखवता येत नाही.
तो दरवर्षी थोडा थोडा वजा होतो, त्यालाच घसारा म्हणतात.
यंत्रसामग्रीवर घसारा मिळतो 15 टक्के.
म्हणजे पहिल्या वर्षी 15 हजार.
उरले 85 हजार.
पुढच्या वर्षीचे 15 टक्के मोजायचे, ते या 85 हजारांवर.

टेबल-खुर्च्यांना 10 टक्के.
बिलिंगच्या संगणकाला मात्र 40 टक्के.

आता नीट ऐका.
वस्तू विकत कधी घेतली, एवढंच पुरत नाही.
ती वापरात कधी आली, ते महत्त्वाचं.
खरेदीच्या आर्थिक वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच.
दिवाळीत सुरू केलेल्या फ्रीजरला म्हणूनच निम्मा.
उरलेला निम्मा बुडत नाही, तो पुढच्या वर्षांत मिळत राहतो.

आणखी एक.
यंत्राचे पैसे रोखीने देऊ नका.
एका दिवसात एकाच विक्रेत्याला 10 हजारांहून जास्त रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी धरलीच जात नाही.


पुन्हा सांगतो.
तारीख वापराची बघा.
पैसे बँकेतून द्या.
आणि फ्रीजर सुरू केला, त्याच दिवशी बिलावर तारीख लिहून ते फाईलला लावा.