गहाण सोने, दोन सत्ता

बँको नासियोनाल उल्त्रामारिनो या 1864 साली लिस्बनमध्ये स्थापन झालेल्या बँकेची पणजीतील कचेरी ही निव्वळ शाखा होती, म्हणजे मूळ बँकेहून निराळी ‘कायदेशीर व्यक्ती’ नव्हती. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होण्यापूर्वीच, गोमंतकीयांनी कर्जापोटी ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला हलवण्यात आले. गहाणात ताबा धनकोकडे जातो, मालकी मात्र ऋणकोचीच राहते, आणि सत्तांतराने ती बुडत नाही. पण वस्तू एका देशात, मालक दुसऱ्या देशात आणि दोहोंत राजनैतिक संबंधच नाहीत, अशा स्थितीत हा हक्क केवळ पावतीपुरता उरला, हा सामान्य कुटुंबांवरील मोठाच अन्याय होता. संबंध 1974 च्या अखेरीस पूर्ववत झाले, तरी दागिने परतले ते 1991 मध्ये, जेव्हा जुनी पावती घेऊन अनेकदा वारसच आले.