काटा आणि आकडा



आजची विषयपत्रिका वाचून माझ्या एका स्नेह्यांनी मला वाटेतच अडवले. म्हणाले, "अहो, मोटारीच्या मीटरवर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? काटा असो की आकडा, गाडी पळायची तेवढीच पळणार!" गाडी पळेल, हे मला मान्य आहे. पण चालवणाऱ्याला काय कळेल, आणि मुख्य म्हणजे केव्हा कळेल, हा प्रश्न उरतोच, आणि तो घाटात फार महाग पडतो.

आपल्या बोलण्यात हे दोन्ही प्रकार आधीपासून नांदत आहेत. पुण्याचा गृहस्थ "सव्वाआठला येतो" म्हणतो. हे काट्याचे बोलणे झाले. त्यात पाच मिनिटे इकडेतिकडे गृहीतच असतात, आणि पुष्कळदा पंधराही. मुंबईचा चाकरमानी मात्र "आठ तेवीसची पकडतो" म्हणतो, कारण आठ चोवीसला फलाट रिकामा असतो. दोघेही बरोबर आहेत. ज्याला जे हवे, ते त्याने मागितले.

मोटारीतही हाच न्याय लागू आहे. वेगमापकाचे एक पेटंट स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्त्झ यांनी १९०२ साली घेतले. त्याची युक्ती मोठी सुंदर आहे. चाकांच्या गतीबरोबर एक तार फिरते, तारेच्या टोकाशी लोहचुंबक फिरतो, आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक वाटीला शिवत नाही. पण वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. तिला एक बारीक स्प्रिंग मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल, तिथे तिच्यावरचा काटा वेग दाखवतो. आता मौज पाहा. याच तबकडीच्या पोटात पुढे एक खिडकी आली, आणि गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते तिच्यात आकड्यांनी दिसू लागले. 'कशी चालली आहे?' याला काटा, 'किती चालली?' याला आकडा! ज्या भांडणावर आज एवढा वाद होतो, ते त्या जुन्या तबकडीने कधीच मिटवले होते.

काटा आपण वाचत नाही, पाहतो. त्याचा कल डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो. तो चढतो आहे की उतरतो आहे, हेही कळते. आकडा वाचावा लागतो, आणि तो सारखा बदलत असेल तर पुन्हा वाचावा लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने २०१३ साली मार्गदर्शक नियम केले. गाडीतले उपकरण हाताळताना एका वेळी दोन सेकंदांहून अधिक नजर रस्त्यावरून ढळू नये, असे त्यांत सांगितले. दोन सेकंद म्हणजे तेहतीस मीटर आंधळेपणाने. तेवढ्यात एखादे पोर चेंडूमागे रस्त्यात येते.

परंतु काट्याची आरती ओवाळायला मी इथे आलेलो नाही. काटाही घात करतो. जुन्या विमानांतल्या उंचीमापकाला तीन काटे असत: एक शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. फिट्स आणि जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली वैमानिकांच्या उपकरण वाचण्यातल्या २७० चुका तपासल्या. अशा अनेक फेऱ्यांच्या तबकडीवर हजार फुटांची चूक होणे, हा त्यांतला ठळक प्रकार होता. १९५८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये एक ब्रिटानिया विमान जमिनीवर आदळले आणि बारांपैकी नऊ माणसे गेली. उंची वाचण्यातली चूक त्यास कारण झाली. तिथे 'किती?' हाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तीन काट्यांत विखुरलेले होते.

मोटारीत आकड्यांची लाट आली ती शोभेसाठी. १९७६ साली ॲस्टन मार्टिनने 'लगोंडा' मांडली, तिच्यात काटा म्हणून नाही. अमेरिकेच्या कॉर्व्हेटने १९८४ साली सारे आकडे केले. १९९० साली वेगाचा आकडा ठेवून इतर मापकांना काटे परत दिले. २००६ च्या होंडा सिव्हिकमध्ये वर वेगाचा आकडा आणि खाली इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा होता. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 'साठ की चौसष्ट?' हे आकडाच सांगतो. गिअर केव्हा बदलायचा ते काटा सांगतो.

आज तर भांडणाचे स्वरूपच पालटले आहे. २०१४ च्या ऑडी टीटीत चालकासमोर केवळ पडदा आला, आणि त्या पडद्यावर काटे काय, आकडे काय, हवे ते चितारता येते. उलट ज्या गाडीत खराखुरा काटा दिसतो, तोही पुष्कळदा संगणकाच्या हुकमाने लहानशा मोटरवर फिरतो. आत आकडा, बाहेर काटा! म्हणजे यंत्राची अडचण उरली नाही. आता काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे कारखानदार ठरवतो. माझी तक्रार आहे ती गाळण्याविषयी.

माझ्या लहानपणी वडिलांची जुनी गाडी बोरघाट चढू लागली की आई देवाचे नाव घेई आणि वडील टेंपरेचरच्या काट्याकडे पाहत. काटा मध्यावरून सरकू लागला की ते म्हणत, "शिंगरोबापाशी थांबू." काटा लाल रेघेला लागण्यापूर्वीच गाडी थांबलेली असे. आज माझ्या घरच्या गाडीला तो काटाच नाही. एक दिवा आहे. गाडी तापली की तो लाल होतो. तापते आहे, हे तो सांगत नाही.

शिवाय आकड्याला खरेपणाचा एक रुबाब असतो. गेल्या वर्षी वाई सोडताना पडद्यावर लिहून आले: इंधन ६१ किलोमीटर पुरेल. पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचलो तेव्हा तिथे २८ होते. घाट तो केवढा, पण तेहतीस किलोमीटर गिळून बसला! खोटे कोणी बोलले नव्हते. मागच्या सपाट रस्त्याच्या सरासरीवरून तो हिशेब होता. इंधनाच्या काट्याने 'थोडे आहे' एवढेच म्हटले असते, आणि मी वाईतच पंप गाठला असता. अर्थात काटेही सोवळे नाहीत. कित्येक गाड्यांत टेंपरेचरचा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून! आणि संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे वेगमापकाने खऱ्या वेगाहून कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवण्याला मात्र दहा टक्के अधिक चार किलोमीटर एवढी सूट आहे.

मी आमच्या गॅरेजवाल्याला म्हटले, "बाबा रे, वेगळा टेंपरेचरचा काटा बसवून दे." तो हसला. "काका, आता काटे कोण बसवतो?" त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटात एक डबी खोचली. तिच्यावर उष्णतेचा आकडा दिसतो. परवा बोरघाट चढताना माझा मुलगा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून वाचत होतो: "नव्वद. ब्याण्णव. पंचाण्णव." तो म्हणाला, "बाबा, नुसते आकडे सांगू नका. वाढतंय का, तेवढं सांगा."