उथळ पाण्याची श्रीमंती

उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण सहज म्हणून जातो. पण भारत आणि श्रीलंका यांच्यामधले पाणी एकदा नीट समजून घेतले, तर ही म्हण थोडी जपून वापराल.

नकाशा उघडून पाहा. तमिळनाडूचा किनारा आणि जाफना द्वीपकल्प यांच्यामध्ये पाल्कची सामुद्रधुनी दिसेल. अठराव्या शतकात मद्रासचे गव्हर्नर असलेल्या रॉबर्ट पाल्क यांचे नाव तिला मिळाले. तिच्या नैर्ऋत्येला पाल्कचा उपसागर. त्याच्या दक्षिणेच्या टोकाला वाळूच्या दांड्यांची आणि खडकांची ती प्रसिद्ध रांग, आपला रामसेतू. धनुष्कोडीपासून समोरचे तलैमन्नार सुमारे ३० किलोमीटरांवर. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्याहून शंभर मीटरांपेक्षाही खाली होती, तेव्हा इथे पाणी नव्हतेच. लंकेला चालत जाता आले असते! आजही उपसागर बहुतेक ठिकाणी १५ मीटरांहून उथळ आहे, आणि सेतूवर तर कुठे कुठे कमरेइतकेच पाणी.

त्यामुळे मुंबईहून कलकत्त्याला जाणारे मोठे जहाज सरळ न जाता लंकेला वळसा घालते. हा वळसा वाचावा म्हणून तळ खणून कालवा काढण्याचे काम २००५ साली सुरू झाले; २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेतूजवळचे खोदकाम थांबविले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने उथळपण ही अडचण खरीच. पण दुसऱ्या कुणाच्या दृष्टीने तोच आसरा आहे.

उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, आणि ऊन पोचले की गवत उगवते. हे शेवाळ नव्हे बरं का! मुळे, पाने, फुले असलेले खरेखुरे समुद्रगवत. त्याच्या मुळांनी तळाची वाळू धरून ठेवलेली असते, आणि त्याच्या आडोशाला कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात. मच्छीमाराची उद्याची कमाई आज या कुरणात लपलेली असते म्हणा ना.

याच कुरणात चरते समुद्रगाय. तिला इंग्रजीत डुगाँग म्हणतात. तमिळमध्येही ‘कडल पसु’, म्हणजे समुद्राची गायच. तीन मीटरांपर्यंत लांब, चारशे किलोंच्या आसपास वजनाची, सस्तन आणि शुद्ध शाकाहारी. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत सहज फस्त करते. नात्याने ती माशांपेक्षा हत्तीला जवळची. तेरा-चौदा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू, आणि पुढचे व्हायला तीन ते सात वर्षे. आता हिशेब तुम्हीच करा: ज्या प्राण्याची वाढ इतकी सावकाश, त्याच्यातली एक मादी गेली तरी तूट भरून निघायला किती काळ लागेल?

आणि माद्या जातात. पूर्वी मांसासाठी शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद केली. पण जाळ्याला कायदा कळत नाही. श्वासासाठी समुद्रगायीला दर काही मिनिटांनी वर यावे लागते. जाळ्यात अडकली की ती पाण्यातच गुदमरून मरते. शिवाय यांत्रिक बोटींची ओढजाळी तळावरून फरफटत जातात आणि गवत मुळासकट उपटतात.

याच किनाऱ्यावर मल्लिपट्टिणमजवळ एक षटकोनी बुरूज उभा आहे. नाव मनोरा! तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी, नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून, १८१४-१५ च्या सुमारास तो बांधला. या मनोऱ्यासमोरच्या समुद्रातच तमिळनाडू सरकारने २०२२ साली ४४८ चौरस किलोमीटरांचे समुद्रगायींचे राखीव क्षेत्र जाहीर केले. भारतातले असे हे पहिलेच.

तरी समुद्रावर कुंपण घालता येत नाही. खरी राखण होते ती होडीत. जाळे जड लागते, ओढून पाहावे तर आत समुद्रगाय. गरीब मच्छीमाराचे जाळे म्हणजे त्याचे भांडवल. तरीही या किनाऱ्यावर जाळे कापून तिला सोडून देणारे मच्छीमार आहेत; सरकार त्यांचा सत्कार करते, बक्षीस देते. बक्षिसाने जाळ्याची भरपाई कदाचित होईलही. पण कापायचे की नाही, हे त्या माणसाला भर समुद्रात, एकट्याने आणि गाय गुदमरण्यापूर्वी ठरवावे लागते.