बियाणं राखणारीचं नाव काय?

(शिरोडा येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बचत गटाच्या वहीत नाव लिहिताना मी विचारते, "तुम्ही काय काम करता?" उत्तर ठरलेलं, "काय नाय, घराकच आसतंय." त्याच बाईच्या परसात लाल भाजी, मुळा, चवळी असते. चुलीच्या धुरावर बियाण्यासाठी राखलेला दुधी टांगलेला असतो. हे काम नाही तर काय? म्हणून आज एका बाईंची हकीकत सांगते.

राहीबाई सोमा पोपेरे. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे त्यांचं गाव, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. जन्म १९६४चा, महादेव कोळी समाजातला. शाळा नशिबी आली नाही. पावसाळ्यात घरची शेती आणि एरवी साखर कारखान्यावर मजुरी. नातू आजारी पडला तेव्हा फवारलेल्या भाजीचा संशय आला आणि आपण गावठी वाणांकडे वळलो, असं त्या सांगतात. वाल, घेवडे, भात, भाज्या यांची वाणं त्यांनी गोळा केली. बायफ संस्थेच्या साथीनं त्यांच्या घरीच बियाणे बँक उभी राहिली. पण त्यांनी बी नुसतं साठवलं नाही, वाटलं. चांगलं बी कसं निवडावं, परसबाग कशी लावावी, हे त्या बायकांना, शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या. २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात. शब्द गौरवाचाच आहे. तरी मला 'शेतकरी' आणि 'शिक्षिका' हे शब्द अधिक मोलाचे वाटतात. आई म्हटलं की तिचं काम मायेचं, म्हणजे फुकटचं धरलं जातं. शेतकरी म्हटलं की जमीन, मजुरी, कर्ज यांचा हिशेब मांडावा लागतो.

संकरित बियाण्याचं पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, म्हणून ते दरसाल विकत आणावं लागतं. गावठी बी घरचं घरात फिरतं. ते राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि कंपनीचं नाव न लावता विकण्याचा हक्क २००१च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिला आहे. १९३० साली याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्या भूमीत पिकतं त्यावर हक्क कुणाचा, हाच तेव्हाही प्रश्न होता.

पण कायद्यातला हा 'शेतकरी' आपल्या घरात कोण असतो? ज्याचं नाव सातबाऱ्यावर, तो! महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायदा बदलून हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा वाटा मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर सह्या करायला बहिणींनाच बोलावतात.

तेव्हा बायांनो, दोन कामं करूया. कुणाच्या घरी कुठलं बी आहे, त्याची यादी राखणारीच्या नावानं करूया. आणि तलाठ्याकडे जाऊन आपापल्या घरचा सातबारा वाचूया. नाव नसेल, तर का नाही, हे आधी घरात विचारूया.