किल्ली देण्याआधी



शनिवार पेठेत आमच्या आजोबांचा वाडा होता. त्यात सात बिऱ्हाडं. पुढच्या दोन खोल्यांचं भाडं महिना अकरा रुपये. मी शाळेत होतो तेव्हा अकरा, सनद घेऊन वकिली सुरू केली तेव्हाही अकराच. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची म्हटली की सातही बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं त्यात जाऊन वर पदरचे घालावे लागत. मग कौलं तशीच राहायची. भिंतींचे पोपडे पडायचे, जिन्याची फळी निसटलेली असायची. एका श्रावणात मागची भिंत खचली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

त्यात भाडेकरूंचा दोष नव्हता आणि आजोबांचाही नव्हता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवून ठेवली होती. महायुद्धानंतरच्या घरटंचाईत त्या कायद्याने हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर राखलं, हे मी मनापासून मानतो. पण त्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. १९७३ साली तर दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारीला जे लोक नुसत्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर घरात राहत होते, त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. घरमालकांच्या मनात जी भीती बसली ती तेव्हापासून. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कायदा बदलला. भीती मात्र गेली नाही.

माझ्या वडिलांनी १९९४ साली कोथरूडला फ्लॅट घेतला आणि नऊ वर्षं कुलूप लावून ठेवला. भाडेकरू ठेवला की घर गेलं, असं त्यांचं ठाम मत. नऊ वर्षांनी मी ते कुलूप काढलं. बाथरूमच्या जाळीतलं पाणी आटून गटाराचा वास घरभर भरला होता. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बाहेरून धड दिसत होती, रंगसुद्धा उडाला नव्हता. मी सहज अंगठा टेकवला तर तो आत गेला. वाळवीने लाकूड खाऊन टाकलं होतं, उरला होता तो नुसता रंगाचा पापुद्रा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती. तो आकडा वाचला की मला ती चौकट आठवते. आणि त्याच शहरांत पोरं एकेका खोलीत चौघं-चौघं राहतात, याचा मला संताप येतो.

आता, भाड्याच्या उत्पन्नासाठी दुसरं घर घ्यावं का? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. वहीत आकडे मांडून बघा. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेतला तर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. खरेदी महिलेच्या नावावर असेल तर शुल्क एक टक्का कमी. भाडं २२ हजार धरू. वर्षात एक महिना घर रिकामं राहतंच, म्हणजे हाती २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, रंगरंगोटी, गीझर, नळ. पुण्यात स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, घर भाड्याने दिलं की ती जाते. सगळं वजा केल्यावर दीड-पावणेदोन लाख उरतात. गुंतवलेल्या पैशावर हे दोन टक्क्यांच्या आसपास आलं. उलट ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता ५२ हजारांच्या घरात जातो. “भाड्यातून हप्ता सुटेल” असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पेन्शनमधून हप्ता भरणारी माणसं मी पाहिली आहेत. घर आधीच हातात आहे, कर्ज फिटलेलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी ते जरूर भाड्याने द्यावं.

द्यायचं ते करार करून. अजूनही सुशिक्षित माणसं मला सांगतात, “अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? नोटरी केलंय.” महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं, की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि हे सगळं टाळायला खर्च किती? वरच्याच उदाहरणात एकूण भाडं आणि डिपॉझिटवर दर साल १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. सहाशे-साडेसहाशे रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. घरी बसून अंगठा देता येतो.

त्या कागदाची ताकद कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर दिवाणी कोर्टाच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला बाजू मांडायची असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई. वडिलांना हे कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर ती चौकट वाचली असती. पण एक सांगतो, वाद कितीही विकोपाला गेला तरी पाणी तोडणं, वीज तोडणं, बाहेरून कुलूप घालणं हे कधीही करू नका. तो तुमचा अधिकार नाही, आणि घरात लहान मूल असतं.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कराराची प्रत द्या. सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेईल, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००१ पासून शासनाचा तसा आदेश आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशात आहेत आणि इथला फ्लॅट त्यांच्या नावावर आहे. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडं कितीही कमी असो. हे त्याला आधीच सांगा.

भाडेकरू कसा निवडावा? नोकरी बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा. पण आडनाव ऐकून फोन ठेवू नका. एकटी राहणारी मुलगी आहे म्हणून, मटण खातो म्हणून, विशिष्ट धर्माचा आहे म्हणून घर नाकारलेली किती माणसं माझ्या टेबलासमोर बसून गेली. चांगल्या पगाराचा, निर्व्यसनी इंजिनिअर, अठरा घरं बघून आलेला. अठराव्या घरात चहा झाला, किल्लीची गोष्ट झाली, मग आडनाव विचारलं गेलं. ते सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

राहिलं डिपॉझिट. मी स्वतः इथे चुकलो आहे. कोथरूडच्या त्याच फ्लॅटमध्ये पहिलं कुटुंब तीन वर्षं राहिलं आणि सोडताना मी रंगाचे म्हणून आठ हजार कापले. तीन वर्षांत भिंत मळणारच, ती झीज घरमालकाची. त्या बाईंनी वाद घातला नाही. पुढे मंडईत दिसल्या तेव्हा त्यांनी मान फिरवली.

तेव्हापासून मी किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूबरोबर घरभर फिरतो. महावितरणच्या मीटरचं रीडिंग, प्रत्येक खोलीचे फोटो, पंखे किती, कोणती फरशी तडकलेली, सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्या. सोडायच्या दिवशी तोच कागद काढतो. परवा मेमध्ये एक जोडपं गेलं. स्वयंपाकघरातला एक नळ तेवढा बदलावा लागणार होता, त्याचे साडेचारशे त्यांनी स्वतःच सांगितले. मी उरलेली रक्कम तिथेच, त्यांचा टेम्पो उभा असताना, मोबाइलवरून पाठवली. त्यांनी किल्ल्या मोजून दिल्या. तीन होत्या. कागदावरही तीनच होत्या.