मिंधेपणातून मुक्ती



आपले मनमाड हे गाडी बदलण्याचे गाव. मुंबई-भुसावळ मार्गाला दौंडचा आणि नांदेडकडचा फाटा येथे मिळतो. ज्याच्या खांद्यावर एक पिशवी आहे तो उतरताच पूल ओलांडून दुसरी गाडी गाठतो. ज्याचे सहा डाग आहेत तो हमाल शोधतो आणि डाग पुन्हा पुन्हा मोजतो. दोघांत मोकळा कोण, हे मी सांगायला नको.

परंतु सामान टाकले की माणूस मुक्त झाला, इतके हे सोपे नाही. वैराग्याचाही डौल मिरवणारे लोक आपण पाहतोच. मग सोडायचे ते काय? या प्रश्नाचे उत्तर मला गाडगे महाराजांच्या चरित्रात सापडते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. ते मामाच्या घरी वाढले. सावकारी कर्जापायी मामाची जमीन कशी जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे मुलीच्या बारशाचा प्रसंग आला. जातभाईंना दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. लोकांनी नावे ठेवली; त्यांनी ती ऐकून घेतली. माझ्या मते त्यांच्या स्वातंत्र्याची सुरुवात येथेच झाली. १९०५ साली ते घराबाहेर पडले. पण लोक काय म्हणतील या भयातून ते त्याआधीच बाहेर पडले होते.

पुढची पन्नास वर्षे अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जवळ एक गाडगे, एवढाच त्यांचा संसार. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या माणसाने पैशाचा तिरस्कार केला नाही. त्यांच्या शब्दावर लोकांनी मोठमोठ्या रकमा दिल्या, आणि त्यांतून पंढरपूर, आळंदी, आपले नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. संपत्ती त्यांच्या हातून गेली, हाताला चिकटली नाही. म्हणूनच कीर्तनात समोर शेठ बसलेला असो की मंत्री, त्यांची जीभ कधी अडखळली नाही. ज्याला कोणाकडून स्वतःसाठी काही घ्यायचे नाही, तो कोणाचा मिंधा नसतो. पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यांनाही ते दूर सारीत; कारण मानसुद्धा माणसाला मिंधा करतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला त्यागाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. लादलेले दारिद्र्य म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. गाडगेबाबांनी गरिबाला उपाशी राहा असे कधी सांगितले नाही. वेळ पडली तर जेवणाचे ताट विका, पण मुलाला शिकवा. आणि कर्ज काढून सण-लग्ने करू नका, असे ते सांगत. वस्तू सोडण्यासारख्या कोणत्या आणि धरण्यासारखे काय, याचा सगळा हिशेब या दोन वाक्यांत आहे.

आता आपल्याकडे वळू. कांद्याला दोन पैसे मिळाले, की ते मांडवात आणि वाजंत्रीत जातात. नोकरदाराचा फंड लेकीच्या लग्नाच्या पंगतीत संपतो. गरज पाहिली तर चार नातलगांत, दोन हारांत लग्न लागते. उरलेला सगळा खर्च शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. लोक चार दिवस बोलतात. हप्ते मात्र चार वर्षे चालतात. आणि त्या चार वर्षांत हप्ता चुकेल या धाकाने कामाच्या ठिकाणी अन्याय दिसला तरी माणूस मान खाली घालतो. प्रतिष्ठेची खरी किंमत ही आहे. ती रुपयांत मोजता येत नाही.

आपणां सर्वांना खराटा घेऊन घर सोडता येणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. उद्या एखादा मोठा खर्च समोर आला, तर एवढेच विचारा: हे मला हवे आहे, की लोकांनी पाहायला हवे आहे? दुसरे उत्तर आले तर तो खर्च सोडून द्या. वाचलेल्या पैशापेक्षा वाचलेला ताठ कणा अधिक मोलाचा आहे.