आजीचा नांगर आणि नातवाची दुर्बीण

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला मृग नक्षत्राची ओळख करून द्यावी लागत नाही. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृगात प्रवेश करतो आणि पेरणीची लगबग सुरू होते. परंतु ज्या मृगाकडे साऱ्यांचे डोळे लागलेले असतात, त्याचे तारे त्या दिवसांत सूर्याच्या तेजात लोपलेले असतात. त्यांचे खरे दर्शन घडते ते हिवाळ्यात. हवा कोरडी, आकाश निरभ्र. डिसेंबरात सायंकाळी पूर्वेस उगवलेला मृग जवळजवळ रात्रभर दिसतो.

जुन्या माणसांना हे आकाश परिचित आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांचा विदर्भातील गोंड समाजाच्या आकाशज्ञानावरील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मृगात नांगर आणि सप्तर्षींत बाज व ती पळविणारे तीन चोर पाहणारी ही परंपरा त्यात नोंदविली गेली. पुढे कोलामांच्या ज्ञानाचाही त्यांनी अभ्यास केला.

शहरात मात्र दिव्यांच्या झगमगाटात तारे हरपले. नक्षत्रांची नावे दिनदर्शिकेत उरली. आजीजवळची ओळख नातवापर्यंत पोहोचेनाशी झाली. हा तुटलेला धागा सार्वजनिक आकाशदर्शनाने पुन्हा जोडता येतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे कार्य करीत आली आहे. यवतमाळातही स्काय वॉच ग्रुपसारख्या हौशी मंडळींनी नागरिकांना दुर्बिणीतून आकाश दाखविले आहे.

मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांखाली दुर्बीण रोखली की धूसर ढगासारखा तेजोमेघ दिसतो. तेथे नवे तारे जन्म घेत आहेत. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा प्रकाश राष्ट्रकूटांच्या उदयाच्या सुमारास तेथून निघाला. आजीने नांगर दाखवावा आणि नातवाने त्याच नांगरापाशी तेजोमेघ शोधावा, यातच अशा रात्रीचे सार्थक आहे.

त्यासाठी खर्च फारसा नाही. शाळेचे मोकळे मैदान, एखादी लहान दुर्बीण आणि जाणकार मार्गदर्शक पुरेसे होतात. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री टाळाव्यात. डोळे अंधाराला सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ सर्वांनी धीर धरावा. मुख्य म्हणजे परिसरातील दिवे घटकाभर मालवावेत. विहिरी-तलावांप्रमाणे अंधार हेही गावाचे सामायिक धन आहे. ते राखले, तरच पुढच्या पिढीला मृग केवळ दिनदर्शिकेत नव्हे, तर आकाशातही भेटेल.